मराठीचे प्रारंभिक वाचन शिक्षण

प्रारंभिक वाचन शिक्षण म्हणजे लिखित चिन्हांचा उच्चाराशी व अर्थाशी संबंध जोडण्यास मुलाला शिकविण्याची प्रक्रिया होय. श्रवण व भाषण हा तिचा पाया आहे.

लिपी आणि पद्धती

पारंपरिक पद्धतीत प्रथम मुळाक्षरे व नंतर बाराखडी पाठ करून घेतली जाते. मात्र बाराखडी म्हणता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. क्रम मोडताच अनेक मुले अडखळतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. 'सूर्य', 'चक्र' व 'ट्रक' या शब्दांत 'र' तीन रूपे घेतो. म्हणून अक्षरांचे छोटे गट करून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास देणे उपयुक्त ठरते. उदा., क, म, र, स आणि काना यांतून 'काम', 'रस', 'मासा', 'मका' हे शब्द तयार होतात.

घरची बोली

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात आहेत. या भागातील कातकरी वाड्यांवर कातकरी बोली बोलली जाते, तर पाठ्यपुस्तके प्रमाण मराठीत असतात. अपरिचित शब्द मुलाने अचूक उच्चारला, तरी अर्थ हाती लागत नाही. मासेमारी, भातलावणी यांविषयी मुलाने आपल्या बोलीत सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहून वाचून घेतल्यास हे अंतर कमी होते. कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी कुरणशाळेचा प्रयोग केला. त्यात शाळाच मुलांपर्यंत नेण्यात आली.

महत्त्व

वाचन न साधलेले मूल पुढे सर्वच विषयांत मागे पडते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजपूर्वक वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे.