पडद्यावरचे विमान: आकडे आणि सांगाडा

ब्रूस आर्टविक यांच्या इलिनॉय विद्यापीठातल्या १९७५ च्या प्रबंधाचा विषय होता वैमानिकाला समोर दिसणारे दृश्य संगणकाकडून क्षणोक्षणी कसे रेखाटून घ्यावे, हा. त्यातूनच सबलॉजिक ही कंपनी उभी राहिली आणि १९८० च्या सुमारास अ‍ॅपल टू संगणकासाठी तिचा पहिला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आला. त्यातले विमान पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलच्या धर्तीचे होते, पण ते कधी दिसत नसे. खेळणारा विमानाच्या आत बसलेला. समोर रेषांनी आखलेले मैदान आणि डोंगर, खाली मोजक्या तबकड्या. विमान म्हणजे वेग, उंची आणि वळण ठरवणारी आकडेमोड होती, तिला शरीर नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी काढलेल्या आवृत्तीत सेस्ना १८२ आले, तरी त्यात खेळणाऱ्याला स्वतःचे विमान घालता येत नव्हते.

हौशी माणसाला ही वाट मोकळी झाली ती चौथ्या आवृत्तीपासून. ही आवृत्ती १९८९ ची. तिच्यासाठी आर्टविक यांच्याच संस्थेने पुढच्या वर्षी विमाने आणि परिसर घडवण्याची पुरवणी काढली. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत पृष्ठभागांवर चित्रे चिकटवता येऊ लागली आणि विमानांना रंग, कंपन्यांची चिन्हे, खिडक्या मिळाल्या. त्यानंतर आलेल्या ‘फ्लाइट शॉप’सारख्या साधनांनी घरबसल्या विमान जुळवण्याचा छंद पसरवला.

मात्र या वाटेत पहिल्यापासून एक फट राहिली. मायक्रोसॉफ्टच्या खेळात विमानाचे दिसणे एका फाइलमध्ये असे आणि उडणे दुसऱ्या. दिसण्याची फाइल चित्रकलेतून तयार होई. उडण्याची ‘एअर’ फाइल म्हणजे आकड्यांचा गठ्ठा. त्यातल्या बऱ्याच आकड्यांचे अर्थ जाहीर नसल्याने हौशी लोकांनी ते एकेक बदलून, उडवून पाहून शोधले. हा खटाटोप ज्यांना नको होता ते नवे शरीर काढून त्याला खेळातल्याच एखाद्या विमानाची फाइल जोडत. परिणामी फुकट मिळणारी कित्येक विमाने दिसायला देखणी, पण हातात घेतली की दुसऱ्याच विमानासारखी वागणारी निघत. छंदाची खरी कमजोरी इथे होती, चित्रांत नव्हे.

२००१ मध्ये त्रिमितीय आकार घडवणाऱ्या थ्रीडीएस मॅक्स या सॉफ्टवेअरची जीमॅक्स ही मोफत, आटोपशीर आवृत्ती आली आणि ‘फ्लाइट सिम्युलेटर २००२’च्या व्यावसायिक संचात तिचा समावेश झाला. शिकाऊ माणूस आधी समोरून, बाजूने आणि वरून काढलेली तीन चित्रे पडद्यावर बसवी, त्यांवर धडाचे गोल छेद जुळवून जाळी ओढी आणि मग पंख जोडी. हलणारा प्रत्येक भाग वेगळा ठेवून त्याला खेळाला कळणारे ठरावीक नाव द्यावे लागे. एक अक्षर चुकले की पंखावरची एलेरॉन ही हलणारी झडप जागची हलत नसे. जीमॅक्सचा विकास २००५ मध्ये थांबला, तरी तिच्यावर तयार झालेली माणसे पुढेही तीच वापरत राहिली.

दिसणे आणि उडणे यांतली फट ऑस्टिन मायर यांच्या एक्स-प्लेन या सिम्युलेटरने त्याआधीच, १९९५ मध्ये, वेगळ्या मार्गाने बुजवली होती. त्यात पंखाचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा उचलणारा जोर आणि मागे ओढणारा रोध सतत मोजला जातो. सगळ्यांची बेरीज विमानाला हलवते. त्यामुळे सोबतच्या प्लेन मेकर या साधनात पंखांची लांबी, छेद, वजन, इंजिन आणि शेपूट भरले की उडण्याचे गुण त्यातून आपोआप निघतात. पंख आखूड केले तर विमान उतरताना जास्त वेग मागते, हे पुस्तकाआधी पडद्यावरच कळते. नवशिक्याने सुरुवात इथून करावी. आकाराचा उडण्याशी संबंध इतका उघड इतरत्र दिसत नाही.

१९९६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आकाराला आलेल्या फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरने आकडे भरण्याची आणि आकारावरून गुण काढण्याची अशा दोन्ही पद्धती ठेवल्या. त्यातल्या उड्डाणाचे गणित करणाऱ्या दोन भागांपैकी जेएसबीसिमला पवनबोगद्यातून किंवा पुस्तकांतून मिळालेले गुणांक हवे असतात. यासिमला विमानाची मापे, प्रवासाचा वेग आणि उतरण्याचा वेग सांगितला की बाकीचे ते स्वतः जुळवते. सगळ्या फाइली उघड असल्याने दुसऱ्याचे विमान वाचून शिकता येते, आणि त्रिमितीय आकार घडवणारे ब्लेंडर २००२ मध्ये मुक्त झाल्यावर शरीर घडवण्याचाही खर्च उरला नाही.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बनवणारा आपला एसेस विभाग बंद केला. लॉकहीड मार्टिनने परवाना घेऊन त्याच पायावर प्रेपार३डी हे सिम्युलेटर काढले. २०२० मध्ये फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने घडवलेली मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती आली. तिच्यात विमानाचे शरीर जीएलटीएफ या त्रिमितीय आकारांच्या फाइल-स्वरूपात असते, तर त्याच्या उडण्याचे आकडे आजही साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहावे लागतात.