घडवणाऱ्यांचा संघ: हुंकोस रेसिंगची वाटचाल

मोटार शर्यतीतल्या बड्या संघाचं मोठेपण चषक मोजून कळतं. ज्युनिअर संघाचं तसं नसतं. तिथे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा येतो, वर्ष-दोन वर्षं राबतो, जिंकतो आणि जिंकला की निघून जातो. नाही जिंकला तरी जातोच, कारण घरचे पैसे तोवर संपलेले असतात. म्हणजे काम जितकं चोख, तितकं घर लवकर रिकामं. अमेरिकेत ओपन-व्हील शर्यतींच्या, म्हणजे उघड्या चाकांच्या एकआसनी गाड्यांच्या, खालच्या पायऱ्यांवर असे कितीतरी संघ आले आणि नाव कमावून गेले. त्यांतल्या हुंकोस रेसिंगने मात्र एक निराळाच हट्ट धरला. आपला मुलगा वरच्या वर्गात गेला, की आपणही त्याच्या पाठोपाठ वर चढायचं.

हा हट्ट धरणारा माणूस अमेरिकेतला नव्हेच. रिकार्दो हुंकोस अर्जेंटिनाचा. २००१च्या डिसेंबरात अर्जेंटिनात बँकांनी लोकांची खाती गोठवली आणि देशाची अर्थव्यवस्था कोसळली. शर्यतींच्या धंद्याला अशा वेळी कोण विचारतो? तरुण हुंकोस देश सोडून मायामीला आला आणि गो-कार्टच्या दुनियेत मेकॅनिक म्हणून शिरला. इंग्रजी बेताचं, ओळखीपाळखी नाहीत. पण गाडीला काय दुखतंय हे ओळखणारा हात होता. कार्टिंगमध्ये गिऱ्हाईक म्हणजे मुलगा आणि त्याचे वडील, दोघंही. पोराची गाडी मागे का पडते हे बापाला पटेल असं सांगता आलं पाहिजे, आणि पुढच्या रविवारी ती पुढे आणूनही दाखवली पाहिजे. हुंकोसला दोन्ही जमलं. त्याचा स्वतःचा कार्टिंग संघ उभा राहिला आणि तिथून तो स्टार मझदा मालिकेत आला.

इथे ही शिडी थोडी समजून घ्यायला हवी. सर्वांत वर इंडीकार आणि तिचा मुकुटमणी म्हणजे इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत. तिच्याखाली त्या काळी इंडी लाइट्स होती, त्याखाली स्टार मझदा (पुढे तिचं नाव प्रो मझदा झालं, त्यानंतर इंडी प्रो २०००) आणि तळाला यूएसएफ २०००. २०१०पासून या तिन्ही पायऱ्या एका सूत्रात ओवल्या गेल्या. मझदा कंपनीच्या पाठबळावर ठरलं, की एका पायरीवरच्या विजेत्याला वरच्या पायरीवर एक हंगाम खेळण्यासाठी शिष्यवृत्ती मिळेल. युरोपात असं काही नव्हतं. तिथे खालची मालिका जिंकली तरी वरचा खर्च स्वतःच उभा करावा लागे.

या मालिकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे सगळ्यांना एकच गाडी. चासी तीच, इंजिन तेच, टायर तेच. स्टार मझदात तर सगळ्यांच्या पाठीमागे मझदाचं रोटरी इंजिन घुमत असे. मग एक संघ दुसऱ्याहून सरस ठरतो कशावर? स्प्रिंग, डँपर, पंखांचे कोन, टायरमधली हवा असल्या बारीकसारीक गोष्टींवर. आणि त्याहून जास्त, पोराने गाडीतून उतरून सांगितलेल्या अर्धवट वाक्याचा अर्थ लावणाऱ्या इंजिनिअरवर. ‘मागून सुटते’ एवढंच तो सांगतो. ती वळणात शिरताना सुटते की बाहेर पडताना, ब्रेक सोडताना की पाय दाबताना, हे त्याच्याकडून काढून घ्यायचं. या पातळीवर संघ हा निम्मा गॅरेज असतो आणि निम्मी शाळा.

या शाळेचं पहिलं मोठं नाव म्हणजे कॉनर डेली. इंडियानाचाच मुलगा, फॉर्म्युला वनमध्ये धावलेल्या डेरेक डेलींचा पोरगा. २०१०मध्ये त्याने हुंकोसच्या गाडीतून स्टार मझदाचं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या वाटेला लागला. मग २०१४मध्ये स्पेन्सर पिगटने प्रो मझदा जिंकली. स्कॉट हारग्रोव्हशी त्याची झुंज हंगामाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत चालली होती.

इथवर गोष्ट नेहमीचीच आहे. वेगळी झाली ती यापुढे. शिष्यवृत्ती घेऊन पिगट इंडी लाइट्समध्ये जाणार होता. रीत अशी की मुलगा त्या वर्गातल्या मुरलेल्या संघाकडे जातो आणि जुना संघ हात हलवून निरोप देतो. हुंकोस रेसिंगने २०१५मध्ये स्वतःच इंडी लाइट्समध्ये पाऊल टाकलं. बाहेरून हे धाडस वाटलं असेल. मला तो नेमका हिशेब वाटतो. त्या वर्षी मालिकेत दलाराची नवी गाडी, आयएल-१५, टर्बो इंजिनासह उतरली. सॅम श्मिट यांच्या संघासारख्या जुन्या संघांनी जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं साठवलेली माहिती एका रात्रीत निकामी झाली. जुने-नवे सगळे एकाच रेषेवर आले. नवख्याने शिरायचं तर त्याच वर्षी. पिगटने श्मिट यांच्याच संघाच्या जॅक हार्वीला मागे टाकून पहिल्याच हंगामात विजेतेपद आणलं. बक्षिसाच्या पैशातून २०१६मध्ये तो इंडीकारच्या तीन शर्यती धावला, त्यांत इंडियानापोलिस ५०० होती. त्या मात्र रेहाल लेटरमन लॅनिगन संघाकडून, कारण हुंकोसकडे इंडीकार नव्हती.

ही उणीव वर्षभरात भरून निघाली. २०१७च्या सुरुवातीला केव्ही रेसिंग हा इंडीकार संघ बंद पडला आणि त्याचं सामान हुंकोसने विकत घेतलं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ट्रॅकशेजारच्या स्पीडवे गावात संघाचं नवं वर्कशॉप उघडलं. मे महिन्यात दोन गाड्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरल्या. एकीत कोलंबियाचा सेबास्तियान सावेद्रा, दुसरीत परत आलेला पिगट. सरावात पिगटची गाडी भिंतीवर आदळली, मेकॅनिकांनी ती पुन्हा उभी केली. सावेद्रा पंधरावा आला, पिगट अठरावा. पदार्पणाला दोन्ही गाड्या शेवटपर्यंत टिकणं, हीच तिथे मोठी परीक्षा असते.

तरीही २०१७चं खरं यश त्या शर्यतीत नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या काइल कायझरने त्या वर्षी इंडी लाइट्स जिंकली आणि ब्राझीलच्या विक्टर फ्रांझोनीने प्रो मझदा. दोन्ही हुंकोसच्याच गाड्यांत. एकाच हंगामात शिडीच्या वरच्या दोन्ही पायऱ्यांवर एकाच संघाचा झेंडा. लगेच पुढच्या वर्षी नेदरलँड्सचा सतरा वर्षांचा रिनुस व्हीके प्रो मझदाचा विजेता झाला. त्याचं मूळ आडनाव व्हान काल्मथाउट. अमेरिकन समालोचकांवर दया करून त्याने ते आटोपशीर केलं असावं. २०१९मध्ये तो हुंकोसबरोबरच इंडी लाइट्समध्ये गेला आणि ऑलिव्हर अस्क्यूच्या मागे दुसरा आला. २०२०मध्ये तो एड कार्पेंटरच्या संघातून इंडीकारमध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२१मध्ये इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर जिंकला. ही शेवटची दोन यशं मिळाली तेव्हा तो हुंकोसचा राहिलेला नव्हता.

आता २०१९चा मे. जगाला हुंकोस हे नाव कळलं ते या एका आठवड्यात. इंडियानापोलिस ५००मध्ये जागा फक्त तेहतीस. त्या वर्षी दावेदार छत्तीस होते. त्यांत मॅक्लारेनची नारिंगी गाडी घेऊन फर्नांडो अलोन्सो आला होता. दोन वेळचा फॉर्म्युला वन विजेता, मोनाको आणि ल मान्स जिंकून झालेला, इंडियानापोलिस तेवढं उरलेलं. दुसऱ्या टोकाला हुंकोसची कायझरसाठी उभी केलेली एकुलती गाडी. ऐन मे महिन्यात प्रायोजक निघून गेले, त्यामुळे तिच्या अंगावर जाहिराती जवळजवळ नव्हत्याच. शुक्रवारी सरावात ती गाडी भिंतीवर आदळून मोडली. दुसरी होती, पण ती वळणावळणाच्या ट्रॅकसाठी जुळवलेली. इंडियानापोलिसच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावण्यासाठी तिची जुळणी मुळापासून बदलावी लागते. मूठभर मेकॅनिकांनी झोप सोडून ते काम केलं.

मॅक्लारेनच्या अडचणी निराळ्या जातीच्या होत्या. पहिल्या चाचणीला स्टिअरिंग व्हील तयार नव्हतं. गाडीचा नारिंगी रंग चुकीच्या छटेचा निघाला म्हणून ती पुन्हा रंगवायला गेली. पैशाने सगळं मिळतं, फक्त सवय मिळत नाही.

रविवारी, १९ मे रोजी, शेवटच्या तीन जागांसाठी सहा जणांची चाचणी झाली. प्रत्येकाला एकच संधी, चार फेऱ्या. सर्वांत शेवटी कायझर निघाला. अलोन्सोची सरासरी होती ताशी २२७.३५३ मैल. कायझरची आली २२७.३७२. चार फेऱ्यांचे दहा मैल मिळून फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. अलोन्सो बाहेर, कायझर आत. प्रत्यक्ष शर्यतीत कायझरची गाडी पुन्हा भिंतीला लागली आणि त्याला शर्यत पुरी करता आली नाही, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

त्या रविवारचं कौतुक जगभर झालं. पण कौतुकावर टायर येत नाहीत. २०२०मध्ये हुंकोस इंडीकारच्या मैदानात नव्हताच. कोविडमुळे त्या वर्षीची इंडी लाइट्सही रद्द झाली. उरली एकच पायरी, इंडी प्रो २०००, आणि तिथे आयडाहोच्या स्टिंग रे रॉबने संघाला आणखी एक विजेतेपद मिळवून दिलं. संकटाच्या वर्षी हा संघ तगला तो त्याच्या मूळ धंद्यावर. वर चढण्याच्या हट्टाबद्दल माझी शंका इथेच आहे. धाकट्या वर्गात पालकाच्या पैशातून वर्ष निघतं; इंडीकारमध्ये खर्च अनेक पटींनी वाढतो आणि यशाची हमी मात्र काही पटींनी घटते.

ही कोंडी फोडली ब्रॅड हॉलिंगर यांनी. आरोग्यसेवेच्या उद्योगातले हे गृहस्थ पूर्वी विल्यम्स फॉर्म्युला वन संघाचे भागधारक होते. २०२१मध्ये ते भागीदार झाले आणि संघाचं नाव झालं हुंकोस हॉलिंगर रेसिंग. नव्या प्रवासासाठी सामान घेतलं ते इंडीकारमधून बाहेर पडणाऱ्या कार्लिन संघाचं. २०१९च्या त्या रविवारी अलोन्सोबरोबर बाद झालेल्या दोन्ही गाड्या, पॅट्रिसियो ओ’वार्ड आणि मॅक्स चिल्टनच्या, कार्लिनच्याच होत्या. आधी केव्ही, मग कार्लिन: हा संसार दुसऱ्यांच्या मोडलेल्या संसारातल्या भांड्यांवर उभा राहिला. सप्टेंबर २०२१मध्ये पोर्टलंडला कॅलम आयलटला घेऊन पुनरागमन झालं आणि २०२२पासून संघ पूर्ण हंगाम धावू लागला.

२०२३मध्ये हुंकोसने आणखी एक अंगावर येणारा निर्णय घेतला. अर्जेंटिनाच्या तुरिस्मो कार्रेतेरा या लोकप्रिय मालिकेत चार वेळा विजेता ठरलेला अगुस्तिन कानापिनो त्याने इंडीकारमध्ये आणला. कानापिनो कायम छपराच्या गाड्यांत वाढलेला, एकआसनी शर्यतीचा अनुभव शून्य. तरी पहिल्याच शर्यतीत तो बारावा आला. मायदेशात उत्साहाला उधाण आलं, आणि त्याच उधाणाने घात केला. ट्रॅकवर आयलटशी खटके उडाले, की समाजमाध्यमांवर शिव्या-धमक्यांचा पाऊस. आयलट वर्षअखेरीस गेला. २०२४मध्ये मॅक्लारेनच्या तेओ पूर्शेरच्या बाबतीत तेच घडलं आणि मॅक्लारेनने हुंकोसशी केलेला सहकार्याचा करार मोडला. प्रेक्षक संघाच्या हातात नसतात हे खरं; पण या गदारोळात संघाने पहिल्या दिवसापासून ठाम भूमिका घेतली असती, तर चित्र निराळं दिसलं असतं, असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये कानापिनो आणि संघ वेगळे झाले.

रिकाम्या झालेल्या ७८ क्रमांकाच्या गाडीत बसायला आला तो कॉनर डेली. २०१०चा तोच विजेता, दरम्यान युरोप आणि अर्धा डझन इंडीकार संघ फिरून आलेला. ऑगस्टच्या अखेरीस मिलवॉकीच्या ओव्हलवर तो तिसरा आला. इंडीकारमध्ये संघाचा हा पहिलाच पोडियम. वर्षअखेरीस त्याच गाडीने मालिकेच्या बक्षीस योजनेतली जागाही मिळवली. पहिल्या बावीस गाड्यांना मिळणारी ही सुमारे दहा लाख डॉलरची रक्कम लहान संघासाठी पुढच्या वर्षाचा श्वास असते.

२०२५च्या हंगामात हुंकोस हॉलिंगरने दोन गाड्या उतरवल्या. एक डेलीकडे, दुसरी स्टिंग रे रॉबकडे. मे महिन्यात इंडियानापोलिसला डेलीने काही फेऱ्या आघाडीही घेतली. दोघंही याच संघाच्या धाकट्या गाड्यांतून जिंकून बाहेर पडलेले, एक २०१०चा आणि दुसरा २०२०चा विजेता.