तिसऱ्या फेरीचे कूळ

युनिक्स घराण्यातल्या एखाद्या सिस्टिमवर जुना जीसीसी कंपायलर असेल आणि नवा हवा असेल, तर सोर्स उतरवून घ्यायचा, आधी ‘कॉन्फिगर’, मग ‘मेक’ चालवायचे आणि वाट बघायची. वाट लांबते, कारण जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो. पहिल्या फेरीत जुना कंपायलर नव्याला घडवतो, दुसऱ्या फेरीत तो नवा आपल्याच सोर्समधून स्वतःला पुन्हा घडवतो आणि तिसऱ्या फेरीत दुसरीतून निघालेला कंपायलर तेच करतो. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइली बाइटला बाइट लावून ताडल्या जातात. सुरुवातीचे 16 बाइट तेवढे सोडतात, कारण काही प्रकारच्या फाइलींच्या मथळ्यात बांधणीची वेळ असते. पहिली फेरी या ताडणीत धरत नाहीत. तिचा कंपायलर वागतो नव्यासारखा, पण त्याचा मशीन कोड जुन्याच्या हातचा असतो.

ही रीत आली कुठून? सहज सुचणारे उत्तर म्हणजे बेल लॅब्ज. केन थॉम्प्सन यांनी बी भाषेचा कंपायलर आधी टीएमजी या भाषेत लिहिला आणि मग बीमध्येच पुन्हा लिहिला. डेनिस रिची यांनी नोंदवले आहे की नवी सोय घातली की कंपायलर फुगून मेमरीत जेमतेम मावायचा, आणि तीच सोय वापरून पुन्हा लिहिला की आक्रसायचा. पण तिथली ओढ जागा वाचवण्याची होती. फेऱ्या एकमेकींशी ताडण्याची वृत्ती मला एमआयटीच्या लिस्पकडची वाटते. 1962 साली तिथे टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला, इंटरप्रिटरवर चालवला आणि त्याला स्वतःचाच सोर्स दिला. प्रोग्राम इंटरप्रिटरवर चालो की मशीन कोडमधून, उत्तर तेच यायला हवे, ही तिसऱ्या फेरीमागची धारणा तिथे आधीच आहे. जीसीसी 1987 साली बाहेर काढणारे रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्याच एआय लॅबमधले. जीसीसीच्या पोटातली आरटीएल ही मधली भाषा लिहून पाहिली तर कंसात कंस, आधी क्रिया आणि मागून तिचे घटक, असा थेट लिस्पचा चेहरा दिसतो. तिची प्रेरणा लिस्पच्या याद्या, असे जीसीसीचे मॅन्युअलही सांगते.

यावर आक्षेप आहेत. नेलियाक हा कंपायलर लिस्पच्या आधीच स्वतःला कंपाइल करत होता आणि कोर्राडो ब्योम यांनी झुरिकमध्ये 1951 साली ही कल्पना कागदावर मांडली होती. खरे आहे, पण पहिलेपणाचा मान आणि वंशाचा धागा या वेगळ्या गोष्टी. आरटीएलची मूळ कल्पना डेव्हिडसन आणि फ्रेझर यांची, हेही मान्य. लिस्पचा आहे तो तिचा पेहराव. सर्वांत वजनदार आक्षेप पेस्टलचा. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा हा कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला होता आणि स्टॉलमन यांनी आधी तोच हाती घेतला होता. मात्र त्याला कित्येक मेगाबाइट स्टॅक लागे आणि हाताशी असलेल्या 68000 वरच्या युनिक्समध्ये मिळे 64 किलोबाइट. तो नाद सुटला. स्वतः लिहिलेला सीचा फ्रंट एंड तेवढा त्यांनी जीसीसीत आणला. म्हणून लिस्पचाच धागा मला बळकट वाटतो.

ही ताडणी प्रामाणिकपणाचा दाखला मात्र देत नाही. कंपायलरमध्ये लपवलेली खोड सोर्समध्ये न दिसता पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकते, हे थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले. ते 1984 साली छापले गेले. अशा वेळी दुसरी आणि तिसरी फेरी खुशाल जुळतात. डेव्हिड व्हीलर यांनी 2009 च्या प्रबंधात सविस्तर मांडलेला उपाय याच रीतीवर उभा आहे: पहिली फेरी अगदी वेगळ्याच, भरवशाच्या कंपायलरने करायची आणि शेवटचा निकाल संशयित कंपायलरशी ताडायचा. तीन फेऱ्या टाळून वेळ वाचवायला ‘डिसेबल-बूटस्ट्रॅप’ हा पर्याय आहे, पण जुन्या कंपायलरवरून मोठी उडी मारताना तो वापरू नका. जुन्याच्या चुकीमुळे नवा बिघडला, तर ते बहुधा तिसऱ्या फेरीतच उघडकीला येते.