चित्रातील विवस्त्र देह

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना माझ्यापुढे एक तक्रार-अर्ज आला. गावातील सभागृहात स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते, आणि त्यातील एका चित्रात न्हाणीघरात पाठमोरी बसलेली स्त्री रंगविली होती. तिच्या अंगावर वस्त्र नव्हते. चित्र एका शाळेतील चित्रकला-शिक्षकांचे होते. मी जागेवर गेलो, चित्र पाहिले, आणि कोणाचेच मन दुखावू नये अशा बेताने हुकूम दिला : चित्र काढू नये, मात्र त्यावर पडदा सोडावा. दुसऱ्या दिवशी त्या पडद्यापुढे प्रदर्शनातील सर्वांत मोठी गर्दी जमली. तिसऱ्या दिवशी शिक्षक स्वतः येऊन चित्र घरी घेऊन गेले. जाताना ते एवढेच म्हणाले, "साहेब, परवापर्यंत ती बाई अंघोळ करीत होती. आपण तिला नागडी केलीत."

या वाक्यावर देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे सवड सापडेल तसा मी चित्रकलेचा इतिहास वाचीत गेलो, तेव्हा पडद्याचे हुकूम देणाऱ्यांची परंपरा केवढी मोठी आहे हे ध्यानात आले. त्यात पोप आहेत, धर्मपरिषदा आहेत, न्यायाधीश आहेत. त्याच वाचनात आणखी एक गोष्ट लक्षात आली. चित्रातील उघडा देह फार क्वचित खरोखर उघडा राहिला आहे. कापड नसले तरी त्याच्या अंगावर निमित्ताचे वस्त्र असे. देवी आहे म्हणून, स्नान चालले आहे म्हणून, धर्मकथा सांगावयाची आहे म्हणून तो उघडा. समाज ते निमित्त मान्य करी तोवर चित्र निर्वेधपणे भिंतीवर राही. निमित्त फाटले की गहजब होई. या दृष्टीने आज या इतिहासातील काही प्रसंग श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहेत.

आरंभ ग्रीकांपासून करू. ग्रीक शिल्पात पुरुषाचा विवस्त्र देह ही नित्याची गोष्ट होती. व्यायामशाळेत तरुण विवस्त्र होऊनच कसरत करीत. देवींना मात्र वस्त्रे असत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्रॅक्झिटलीझ या शिल्पकाराने हा पायंडा मोडला. रोमन लेखक प्लिनी सांगतो की, त्याने अफ्रोदितीच्या दोन मूर्ती विकावयास काढल्या, एक सवस्त्र व एक विवस्त्र. कॉस बेटाच्या लोकांनी शालीन म्हणून सवस्त्र मूर्ती पसंत केली. उरलेली क्निडॉस नगराने घेतली, आणि ती पाहण्यासाठी लोक समुद्र ओलांडून येऊ लागले. पुढे निकोमेडीझ राजाने त्या मूर्तीच्या बदल्यात नगराचे सारे कर्ज फेडण्याची तयारी दर्शविली. क्निडॉसवाल्यांनी कर्ज सोसले, मूर्ती दिली नाही. मूळ मूर्ती आज उरलेली नाही, पण रोमन प्रतींवरून दिसते की, देवी स्नानाच्या तयारीत असून वस्त्र हाताशीच आहे. आमच्या शिक्षकांचे निमित्त इतके जुने होते!

ख्रिस्ती युरोपात देहाविषयीची दृष्टी पालटली. उघडा देह म्हणजे पापाची खूण, अशी भावना रूढ झाली. तरीही ईडनच्या बागेची कथा सांगावयाची तर आदाम आणि ईव्ह यांना वस्त्रे देता येईनात. फ्लॉरेन्स येथील ब्रांकाची प्रार्थनामंदिरात मसाचोने १४२५ च्या सुमारास त्यांची हकालपट्टी रंगविली. आदामाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आहे, ईव्ह आपले अंग झाकीत आहे. अपराधाची जाणीव झालेली दोन माणसे त्या भिंतीवर चालत आहेत. सुमारे अडीचशे वर्षांनंतर कोणाला तरी तेही सहन झाले नाही, आणि त्यांच्या कमरेवर पाने रंगविण्यात आली. १९८० नंतर भित्तिचित्रांची साफसफाई झाली तेव्हा ती पाने निघाली.

परंतु पडद्याचा सर्वांत प्रसिद्ध हुकूम सुटला तो खुद्द पोपच्या घरी. रोमच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिरात मायकेल अँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात 'अंतिम न्याय' हे भित्तिचित्र रंगविले. तीनशेहून अधिक आकृती, आणि त्यांतील बहुतेक विवस्त्र. ईश्वराच्या न्यायासनापुढे माणूस उभा राहतो तेव्हा झगा आणि मुकुट यांचा उपयोग तो काय, असेच जणू त्या चित्रकाराला विचारावयाचे होते. चित्रचरित्रकार व्हासारी एक कथा देतो. पोपचा समारंभ-अधिकारी बिआजो दा चेझेना हा चित्र पाहून म्हणाला की, असली चित्रे प्रार्थनामंदिरात न शोभता स्नानगृहात अथवा गुत्त्यात शोभतील. मायकेल अँजेलोने पाताळातील न्यायाधीश मिनोस याला त्या अधिकाऱ्याचाच चेहरा दिला. तो आजही गाढवाचे कान आणि अंगाभोवती सर्पाचा वेढा घेऊन भिंतीवर उभा आहे. सरकारी नोकराने कलावंताच्या वाटेस जाताना ही कथा आठवावी.

पण शेवटचा शब्द समारंभ-अधिकाऱ्याच्या पक्षाचा ठरला. १५६३ च्या अखेरीस ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मचित्रांतील असभ्यतेविरुद्ध ठराव केला. १५६४ च्या जानेवारीत या चित्रातील देह झाकण्याचा निर्णय झाला, आणि त्यानंतर महिन्याभरातच, १८ फेब्रुवारीला, मायकेल अँजेलो वारला. काम सोपविण्यात आले ते त्याच्याच स्नेह्यावर आणि अनुयायावर, दानिएले दा व्होल्तेर्रा याच्यावर. त्याने अनेक आकृतींना पंचे आणि वस्त्रे चढविली. संत कॅथरिनची आकृती तर भिंतीतून खणून काढून सवस्त्र अशी पुन्हा रंगविली. रोमच्या लोकांनी त्या बिचाऱ्याला 'विजारवाला' हे नाव ठेवले. दानिएले स्वतः गुणी चित्रकार होता, पण जगाने लक्षात ठेवले ते हेच नाव. दुसऱ्या कोणी अनाडी माणसाने हे काम केले असते तर मूळ चित्राची अधिक हानी झाली असती, हेही त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९९४ मध्ये या चित्राचे शुद्धीकरण पूर्ण झाले तेव्हा नंतरच्या लोकांनी चढविलेली पुष्कळ वस्त्रे काढली गेली. दानिएलेची मात्र ठेवली, कारण एव्हाना तीही इतिहास झाली होती.

धर्मकथेचे निमित्त धोक्याचे ठरले तरी पुराणकथेचे निमित्त शिल्लक होते. व्हीनस देवीच्या नावाने युरोपच्या राजवाड्यांत शेकडो चित्रे लागली. त्यांतील देवीपण किती पातळ होते याचे एक उदाहरण पाहा. टिशियनने १५३८ मध्ये पूर्ण केलेले 'उर्बिनोची व्हीनस' हे चित्र ज्या राजपुत्राने घेतले, त्याने आपल्या पत्रात त्याला नुसते 'विवस्त्र स्त्री' असे म्हटले आहे. व्हीनस हे नाव मागाहून जडले. या रांगेत रेम्ब्रांचे १६५४ चे 'बाथशेबा' मात्र वेगळे उभे राहते. बायबलमधील ही विवाहित स्त्री स्नान करीत असता डेव्हिड राजाची दृष्टी तिच्यावर पडली आणि त्याने तिला बोलावणे धाडले. रेम्ब्रांने तिच्या हाती राजाचे पत्र दिले आहे. तिचा देह थकलेला, घराघरांत आढळणारा आहे. आपण देह पाहू लागतो आणि थोड्याच वेळात तिच्या चेहऱ्याकडे वळतो, कारण तिला नकार देण्याची सोय नाही हे तिथे लिहिलेले आहे.

निमित्ताचे वस्त्र खऱ्या अर्थाने फेडले गेले ते एकोणिसाव्या शतकात, पॅरिसमध्ये. १८६३ च्या सरकारी प्रदर्शनात काबानेलचे 'व्हीनसचा जन्म' हे चित्र लागले. लाटांवर निजलेली गुळगुळीत देवी सम्राट नेपोलियन तिसरा याने स्वतःसाठी विकत घेतली. त्याच वर्षी एद्वार माने याने 'ऑलिंपिया' रंगविली. पलंगावर एक विवस्त्र स्त्री, गळ्यात काळी फीत, पायांत सपाता, मागे कृष्णवर्णीय दासीच्या हातात कोणा ग्राहकाने पाठविलेला पुष्पगुच्छ. ती देवी नाही आणि तसे भासविण्याचा प्रयत्नही नाही. ती समोरच्या माणसाकडे सरळ, थंडपणे पाहते. १८६५ मध्ये हे चित्र प्रदर्शनात लागले तेव्हा इतका संताप उसळला की रक्षणासाठी ते उंच टांगावे लागले. काबानेलच्या देवीच्या अंगावर ऑलिंपियापेक्षा एक धागाही अधिक नव्हता. प्रेक्षक चिडले ते आपण पाहत असताना चित्रातील बाईने आपल्याकडे पाहिले म्हणून. तिच्यासाठी बसलेली व्हिक्टोरीन मरां ही पुढे स्वतः चित्रकार झाली, आणि त्याच सरकारी प्रदर्शनात तिची चित्रे लागली.

येथे एका अन्यायाची नोंद केली पाहिजे. देह पाहून रंगविण्याचा अभ्यास हा युरोपीय चित्रशिक्षणाचा पाया, पण तो वर्ग स्त्रियांना बंद होता. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. झोफनीने पुढे अकादमीच्या सदस्यांचे समूहचित्र काढले. त्यात पुरुष सदस्य विवस्त्र मॉडेलभोवती जमले आहेत, आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींतून हजर आहेत. खोलीत मॉडेल उघडे असल्यामुळे त्यांना आत घेता येईना! अकादमीच्या विद्यार्थिनींना, तेही अर्धवट झाकलेल्या मॉडेलवरून, अभ्यास करू देण्यास १८९३ साल उजाडले. देह दाखविण्यास स्त्री चालत होती, देह अभ्यासण्यास चालत नव्हती. १९१३ मध्ये लॉरा नाइट हिने विवस्त्र स्त्री रंगवीत असलेली आपलीच पाठमोरी प्रतिमा काढली, ती या वंचनेला दिलेले उत्तर म्हणूनच पाहावी.

आता आपल्याकडे वळू. अजिंठ्याच्या भिंतींवर देहाचा संकोच नाही. तेथील राण्या आणि दासी कमरेवर जवळजवळ अनावृत आहेत, परंतु अलंकारांनी आणि मुद्रांनी त्या इतक्या भरलेल्या आहेत की उघडेपणा हा विषयच होत नाही. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी या चित्रांच्या प्रती करीत होते. त्याच शाळेत विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग मात्र ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ च्या सुमारास, सुरू झाला. भिंतीवरचा देह परंपरा म्हणून मान्य होता, जिवंत देहाला चाळीसहून अधिक वर्षे थांबावे लागले.

पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिल यांनी १९३३ मध्ये एका धंदेवाईक मॉडेलचे विवस्त्र चित्र काढले. त्या बाईच्या देहात मोहक असे काही नाही, शिणवटा आहे. हाच प्रामाणिकपणा पुढे मुंबईच्या चित्रकारांना महागात पडला. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलादालनातील 'प्रेमिक' चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले.

या कथेचे सर्वांत अनपेक्षित पान १९६४ चे आहे. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. अश्लीलता ठरविण्यासाठी १८६८ ची एक इंग्रजी कसोटीही मान्य केली. तथापि त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी स्पष्ट केले की कलेतील नग्नता एवढ्यानेच अश्लीलता सिद्ध होत नाही, आणि मायकेल अँजेलोचे देवदूत व संत पाहण्यापूर्वी त्यांना विजारी घालण्याचे कारण नाही. दानिएलेने चढविलेल्या विजारी अशा प्रकारे चारशे वर्षांनी दिल्लीच्या न्यायासनापर्यंत येऊन पोहोचल्या. १९६९ मध्ये संसदेने कलेसाठी कायद्यात अपवाद घातला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती इंग्रजी कसोटीही बाजूला सारली. तरी हुकूम थांबले नाहीत. गोव्यात जन्मलेले सूझा आणि मुंबईचे पदमसी यांच्या लंडनहून आणलेल्या सात कलाकृती सीमाशुल्क खात्याने अश्लील म्हणून जप्त केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून त्या सोडविल्या, आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते हे पुन्हा एकदा सांगितले.

हे पुन्हा पुन्हा सांगावे का लागते? मला वाटते, याचे कारण आम्हा अधिकाऱ्यांच्या सवयीत आहे. आपण अंगावर कापड किती हे मोजतो, कारण ते मोजता येते. चित्रातील माणसाला स्वतःचे मन आहे की नाही हे पाहण्यास अर्जावर रकाना नसतो. सवंग जाहिरातीतील पूर्ण पोशाखातील स्त्रीला ते नसू शकते. रेम्ब्रांच्या बाथशेबेला ते आहे. आमच्या गावातील त्या पाठमोऱ्या बाईलाही होते. तांब्या उचलताना तिचा एक खांदा किंचित वर गेला होता, दिवसभराचे काम आटोपून आल्यासारखा. हे मी त्या दिवशी पाहिले होते, आणि तरीही पडद्याचा हुकूम लिहिला.

ते शिक्षक आता हयात नाहीत. चित्राचे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. माझ्या सहीचा तो कागद मात्र कोठल्या तरी दप्तरात अजून असेल.