लिंकनचे गाव

इलिनॉयची राजधानी कोणती असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण शिकागोचे नाव घेतील. वास्तविक तो मान स्प्रिंगफील्ड या लाखाहून थोड्या अधिक वस्तीच्या शहराचा आहे. १८३७ साली व्हँडेलियाहून राजधानी येथे हलविण्याचे ठरले. त्या खटपटीत अब्राहम लिंकन हा तरुण आमदार पुढे होता. त्याच वर्षी तो येथे राहावयास आला. येथेच त्याने वकिली केली, आणि दुभंगलेले घर टिकत नाही हा इशारा १८५८ साली येथल्याच विधानभवनात दिला. १८६५ साली त्याला मूठमाती मिळाली तीही येथेच.

पण त्याच गावात ऑगस्ट १९०८ मध्ये गोऱ्यांच्या जमावाने काळ्यांची घरेदारे जाळली, दोघांना ठार करून झाडाला टांगले. त्या धक्क्यातूनच १९०९ साली, लिंकनच्या जन्मशताब्दीदिनी, काळ्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभारण्याची हाक दिली गेली. जळालेल्या घरांचे अवशेष २०२४ साली राष्ट्रीय स्मारक ठरले.

समाधी गावात असली म्हणून शिकवण गावाच्या अंगी बाणतेच असे नाही. आम्हांस वाटते, ही दोन्ही स्मारके एकाच फेरीत पाहावीत. तरच ते गाव पाहिले असे म्हणता येईल.