पगाराची तारीख आणि कर्जाची तारीख : गिरणगावातल्या घरांचा हिशेब



मागच्या खेपेला आपण शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल बोललो. १८७५ साली सुप्याला सावकारांची खतपत्रं जाळली गेली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, हे पाहिलं. आज त्याच घरांतला जो भाऊ कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरणीत आला, त्याच्या कर्जाकडे वळू.

आपल्याकडे एक म्हण आहे, ऋण काढून सण. फार सोयीची म्हण आहे ही. ती उच्चारली की कर्जाचं कारण सापडल्यासारखं वाटतं आणि ते कर्ज काढणाऱ्याच्या स्वभावात सापडतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे नीतीच्या गोष्टींबद्दल आम्हांला आदर आहेच. पण नीतीचा उपदेश करण्याआधी हिशेब तपासावा, एवढंच आमचं म्हणणं.

तर हिशेब पाहू. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली शहरातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. शेकडा ४७ कुटुंबं कर्जात होती. पुढे १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने अंदाज दिला की देशातल्या बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. आता इतकी माणसं एकाच वेळी उधळी कशी असतील? इथेच म्हणीबद्दल शंका यायला हवी.

नवा माणूस गिरणीत लागला की काय व्हायचं, बघा. पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्यातले दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हातात पडायचा. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाने जवळजवळ सहा आठवडे खायचं काय? खानावळीत उधारी, वाण्याकडे उधारी. काम लावून देणाऱ्या जॉबरला काही द्यायचं, तेही उसनंच. पहिला पगार हातात येण्याआधीच तो कर्जदार झालेला असे. त्याने सणही केलेला नसे आणि लग्नही! खरं पाहिलं तर त्याने मालकाला सहा आठवड्यांचे श्रम बिनव्याजी उधार दिले होते. त्या काळात स्वतः जगायला त्याने मात्र व्याजाने पैसे घेतले. मालकाच्या देण्याला कुणी कर्ज म्हटलं नाही, कामगाराच्या देण्याला म्हटलं.

आणि व्याज किती? रुपयाला दरमहा एक आणा हा सर्रास दर होता. ऐकायला एक आणाच, पण वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५. पन्नास रुपये घेतले तर महिन्याला तीन रुपये दोन आणे नुसतं व्याज, मुद्दल तसंच.

इथे कुणी विचारेल, आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता ना? होता. एका वेळी वसूल होणारं थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असा तो नियम. चांगलाच नियम आहे. पण त्यात दोन वाटा मोकळ्या राहिल्या. एक, आधी भरून टाकलेलं व्याज त्यात धरत नसत. म्हणजे जो इमानाने दर महिन्याला व्याज भरतो, त्याला नियमाचा काही उपयोग नाही. त्याने दहा वर्षं भरलं तरी मुद्दल उभंच. दुसरी वाट म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद करायचा. अंगठा उठला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता म्हणीच्या बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लग्नकार्य हे कर्जाचं मोठं कारण म्हणून त्या काळच्या चौकशांत वारंवार येतं. ते खोटं नाही. पण लग्नाला बोलावलेली माणसं कोण होती? भाऊबंद, गाववाले. काम सुटलं, आजारपण आलं, संप झाला की माणूस जायचा कुठे? गावी, ह्याच लोकांच्या दारात. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. तेवढे दिवस काढायला ना विमा होता, ना बेकारी भत्ता. होती ती नाती आणि उधारी. ज्याने गावजेवण घातलं नाही, त्याला अडचणीत कुणी जेवू घालेल याची खात्री नव्हती. खर्च जास्त होता हे मान्य करू; पण तो वेडेपणाचा होता असं म्हणायला आम्ही तयार नाही.

मग ही घरं तरली कशी? कर्ज एका हातात न ठेवता वाटून. थोडं वाण्याचं, थोडं गाववाल्याचं, भिशीचे पैसे एकाला, तांब्यापितळेची भांडी गहाण ठेवून दुसऱ्याला. आणि ह्या सगळ्याची तारीखवार आठवण ठेवायची घरातल्या बाईने. खानावळ चालवणाऱ्या बायकांचा हिशेब तर आणखी अवघड. जेवणाऱ्यांचे पैसे महिनाअखेर, वाण्याचं व्याज आजपासून. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते ह्याच बायकांचं. गटाच्या जबाबदारीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्याच बायका, तेच कष्ट, फक्त पैसा कुठून आणि कोणत्या दराने येतो ते बदललं. अर्थात १९८२ च्या संपात जेवणाऱ्यांचेच पगार थांबले, तेव्हा त्यांचीही ओढाताण झालीच.

कायद्यानेही काही बदललं. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात सातव्या आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार देणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी दिवाणी संहितेत दुरुस्ती होऊन, देण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला कर्जापायी तुरुंगात टाकण्यावर बंधन आलं. मुंबईचा सावकारी कायदा यायला मात्र १९४६ उजाडलं.

आज हप्ता मोबाइलवरून कापला जातो, दारात कुणी सोटा घेऊन उभा नसतो. पण बदली, रोजंदारी, कंत्राटावर काम करणाऱ्या घरात पगाराची तारीख पुढे सरकते आणि हप्त्याची सरकत नाही. अशा घरातलं कुणी तुमच्यासमोर मान खाली घालून बसलं, तर ‘एवढा खर्च कशाला केलास’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, पैसे येतात कधी, जातात कधी, व्याज वर्षाला किती पडतं आणि आजवर किती भरून झालं. कागद घेऊन त्याच्याबरोबर बसा. हिशेबाने कर्ज लगेच फिटत नाही, पण कर्जाची लाज हिशेबात कुठेच मांडलेली नसते, एवढं त्या माणसाला दिसतं. पुढचं पाऊल टाकायला तेवढं लागतंच.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.