प्रुसिकची गाठ

गाठींना सहसा जनक नसतो. सुरगाठ कुणी बांधली, निरगाठ कुठल्या गोठ्यात सुचली, कोण सांगणार? दोर हाताळणाऱ्या हजारो हातांनी मिळून त्या घडवल्या. एका गाठीला मात्र माणसाचं नाव आहे, सालही आहे. आज सह्याद्रीतले गिर्यारोहकही तिला त्याच नावाने हाक मारतात: प्रुसिक.

कार्ल प्रुसिक हा ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक. जन्म 1896 चा. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडायला तो अशीच गाठ वापरायचा, असं सांगतात. 1931 मध्ये तिचा गिर्यारोहणातला उपयोग त्याने छापून सर्वांसमोर ठेवला. मला यातलं मोठेपण छापण्यात दिसतं. जीव वाचवणारी युक्ती आपल्या दोरमित्रांपुरती ठेवली असती, तर ती आल्प्सच्या एखाद्या खोऱ्यातच राहिली असती.

तिची गरज कुठे होती? हिमनदीवर बर्फाच्या पातळ थराखाली खोल भेगा दडलेल्या असतात. पाय खचला की माणूस आत लोंबकळतो. त्या काळी दोर थेट कमरेला किंवा छातीला बांधत. लोंबकळणाऱ्याच्या भाराने तो करकचून आवळायचा, श्वास कोंडायचा. वरचे दोनच साथीदार असले, तर त्याला ओढून काढण्याचं बळ कुठून आणणार? अडकलेल्यालाच दोरावरून वर येता आलं पाहिजे, आणि गुळगुळीत दोरावर नुसत्या मुठीने ते जमत नाही.

प्रुसिकच्या गाठीने नेमकं हेच साधलं. बारीक दोरीची टोकं जोडून एक लूप करायचा. तो मुख्य दोराभोवती, स्वतःच्याच पोटातून तीनदा फिरवून घ्यायचा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. मग लूपला भार द्या: वेढे दोराला करकचून धरतात. भार काढा: गाठ बोटांनी ढकलली की सरकते. असे दोन लूप घ्यायचे, एक कमरेला, एक पायाला. एकावर भार देऊन दुसरा वर सरकवायचा. वेढे दोन्ही बाजूंना सारखे असल्यामुळे भार वरून आला काय किंवा खालून आला काय, ती सारखीच धरते. हा समतोल मला तिचं खरं सौंदर्य वाटतो.

पुढे यंत्रं आली. 1958 मध्ये ज्यूसी आणि मार्टी या दोन स्विस माणसांनी जुमार बनवला. दातांनी दोर पकडणाऱ्या या साधनाने चढणं झपाट्याचं झालं. तरी प्रुसिकची गाठ मागे पडली नाही. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, हात सुटला तर थांबवणारी राखीव पकड म्हणून ती आजही बांधतात. वजन नगण्य, खर्च किरकोळ. सह्याद्रीच्या कड्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने उपकरणं घेण्याआधी ही गाठ हाताला बसवावी, डोळे मिटूनही बांधता आली पाहिजे.

दोरीची निवड मात्र चुकवू नये. 10 ते 11 मिमीच्या दोरावर 5 ते 6 मिमीची दोरी चांगली बसते. जाडी जवळजवळ सारखी झाली की पकड ढिली पडते. पावसाळ्यात भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या दोरावर तीन वेढे घसरू शकतात. तिथे चौथा घ्यावा, आणि पूर्ण भार टाकण्याआधी एकदा झटका देऊन पाहावा.